दूध पुरत नाही, की तसे वाटते?

दिवेलागणीची वेळ. बाळ अवघे तीन आठवड्यांचे. दुपारभर शहाण्यासारखे झोपलेले हे बाळ साडेसहाच्या सुमारास कुरकुर करू लागते. आई त्याला मांडीवर घेऊन पाजायला बसते. बाळ दोन-चार मिनिटे ओढते, सोडते, हातपाय झाडते आणि किंचाळून रडू लागते. दुसऱ्या बाजूला घेतले, तरी तेच. आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढते. आजोबा पंखा कमी करायला सांगतात. आठ वाजतात, नऊ वाजतात. शेवटी शेजारच्या काकू सर्वांच्याच मनातले बोलून दाखवतात, "अगं, पोट नाही भरत त्याचं. तुझं दूध पातळ असणार. माझ्या नातवाचंही असंच होतं. डब्याचं सुरू केलं, तेव्हापासून रात्रभर झोपतो."

बाळाचे बाबा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून डबा आणि बाटली घेऊन येतात. साठ मिलिलिटर दूध संपवून बाळ गाढ झोपते. घरातल्या सगळ्यांना हायसे वाटते. बाळंतीण मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहते. आपल्या अंगावर लेकराला पुरेल एवढे दूधही नाही, हा विचार तिला झोपू देत नाही.

हे दृश्य इंदूरच्या जुन्या वाड्यात दिसते, पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिसते आणि बदली होऊन हैदराबादला गेलेल्या जोडप्याच्या दोन खोल्यांतही दिसते. तिथे काकूंऐवजी मोबाइल असतो, एवढाच काय तो फरक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांच्या आतल्या ६३.७ टक्के बाळांना फक्त आईचे दूध मिळत असल्याचे आढळले. म्हणजे दर तिघांमागे एकाहून अधिक बाळांच्या तोंडी पाणी, गुटी, गाईचे दूध किंवा डब्याचे दूध गेलेले होते. असे का केले, असे विचारले तर नेहमी मिळणारे उत्तर एकच, "दूध पुरत नव्हतं हो."

खरोखर पुरत नव्हते का?

तिन्हीसांजेचे रडणे

तान्ह्या बाळाच्या रडण्याला स्वतःचे एक वेळापत्रक असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयांनीच त्या रोजच्या रोज लिहून ठेवल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्यात ते दिवसाला सुमारे पावणेतीन तासांवर पोहोचते आणि मग हळूहळू उतरून तिसऱ्या महिन्यापर्यंत बरेच कमी होते, असे त्यांत दिसले. यातले बरेचसे रडणे संध्याकाळचे असते. ही बाळे उपाशी नव्हती, आजारीही नव्हती.

आपल्याकडच्या आज्यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तिन्हीसांजेला मूल रडते म्हणूनच तर दृष्ट काढण्याची वेळही तीच ठरली. मीठ-मोहऱ्यांनी बाळाचे काही बिघडत नाही. धूर तेवढा नाकातोंडात जाऊ देऊ नये. खरी पंचाईत होते ती या रडण्याचा संबंध आईच्या दुधाशी जोडला की. बारा-तेरा आठवड्यांनी हे रडणे ओसरणारच असते, डबा आणलेल्या घरात आणि न आणलेल्या घरातही. पहिल्या घरात त्याचे श्रेय डब्याला मिळते.

संध्याकाळी बाळ दर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा प्यायला मागते, यालाही कारण आहे. दिवस कलला की बहुतेक आयांच्या अंगावर एका वेळचे दूध थोडे कमी असते, पण त्यात स्निग्धांश जास्त असतो. बाळ थोडे थोडे, पुनःपुन्हा पिऊन आपली भर करून घेते आणि रात्री एखादी लांब झोप काढते. शिवाय दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास आणि पुन्हा सहा आठवड्यांच्या आसपास अनेक बाळे एकदम हावरी होतात. दोन-तीन दिवस सारखी अंगाला चिकटून असतात. ही उपासमार नव्हे. उद्याच्या वाढीव दुधाची ती आगाऊ मागणी असते.

मग बाटलीतले साठ मिलिलिटर त्याने संपवले कसे? बाटलीतून दूध आपोआप तोंडात येत राहते आणि तान्ह्या बाळाला ते गिळावेच लागते. चोखायला मिळाले की रडणारे बाळ चोखतेच. डब्याचे दूध पोटात अधिक वेळ राहते, त्यामुळे झोपही लांबते. यातून भुकेचा पुरावा मिळत नाही.

मागणी तसा पुरवठा

दूध तयार होण्याची रीत एकदा नीट कळली की निम्मी काळजी मिटते. बाळ चोखते तेव्हा आईच्या मेंदूतल्या ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे तयार झालेले दूध बाहेर येते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री जास्त असते. म्हणून "तिला रात्री झोपू दे, बाटली मी देतो" हा नवऱ्याचा प्रेमळ बेत पहिल्या महिन्यात तरी अंगाशी येतो. ऑक्सिटोसिन मात्र फार मनस्वी आहे. काळजी, दुखणे, संकोच, चारचौघांत ऐकलेला टोमणा, यांतल्या कशानेही पान्हा काही वेळ अडतो. दूध असते, पण उतरत नाही. बाळ चिडते, आई घाबरते आणि ते आणखी अडते.

याखेरीज स्तनाचा स्वतःचाही एक हिशेब असतो. दूध साठून राहिले की नवे दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामे झाले की वाढतो. "दूध साठू दे, मग पाज" हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. बाळाला डब्याचे साठ मिलिलिटर पाजले की तेवढे आईचे दूध अंगावर तसेच राहते. शरीर समजते, आता एवढ्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी ते तेवढे कमी बनवते. संध्याकाळी बाळ पुन्हा रडते, मग बाटली साठाची नव्वद होते. दोन-तीन आठवड्यांत दूध खरोखरच आटते आणि काकूंचे म्हणणे खरे ठरते. आधी नसलेली अडचण उपायानेच उभी केलेली असते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ मध्ये एक ते सहा महिन्यांच्या ७१ बाळांचे दूध मोजले. प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी आणि नंतर बाळाचे वजन करून, पूर्ण चोवीस तास. दिवसभराचे सरासरी दूध ७८८ ग्रॅम भरले, पण कुणाचे ४७८ ग्रॅम होते, तर कुणाचे १३५६. आणि ही सगळीच बाळे अंगावरच्या दुधावर छान वाढत होती. ती दिवसातून सरासरी अकरा वेळा प्यायली आणि प्रत्येक वेळी उपलब्ध दुधापैकी साधारण दोन तृतीयांशच प्यायली. उरलेले तसेच ठेवून दिले. जावेचे बाळ दर तीन तासांनी पिते आणि आपले दीड तासाने, यावरून काही ठरवायचे नसते, ते यासाठीच. एका वेळी किती दूध साठते हे प्रत्येक आईगणिक वेगळे असते. स्तनांच्या बाहेरच्या आकारावरून त्याचा अंदाज येत नाही.

पहिले तीन-चार दिवस तर शंकेचे माहेरघर. त्या दिवसांत येतो तो घट्ट, पिवळसर चीक, आणि तोही चमचा-चमचाच. बाळाचे पोटही तेव्हा तेवढेच असते. चीक पिळून टाकून मध चाटवण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात, आणि मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सोन्याच्या वळ्याने चाटवले तरी मध तो मधच.

खरी खूण लंगोटात

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून, स्तन भरल्यासारखे वाटण्यावरून किंवा पंपाने किती निघाले यावरून ठरवू नये. तीन ते सहा आठवड्यांत स्तन मऊ पडतात, कपडे ओले होणे थांबते. बऱ्याच जणी याच वेळी घाबरतात. प्रत्यक्षात पुरवठा बाळाच्या गरजेबरहुकूम बसल्याची ती खूण असते. पंपाचेही तसेच. बाळ ज्या सफाईने दूध काढते, ती यंत्राला साधत नाही.

भरवसा ठेवायचा तो दोन गोष्टींवर, लंगोट आणि वजनाचा काटा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा लंगोट लघवीने चांगले ओले व्हायला हवेत, आणि लघवी फिकट हवी. शी पहिल्या दोन दिवसांत काळी, चिकट असते. पाचव्या दिवसापर्यंत ती मोहरीसारखे कण असलेली पिवळी व्हायला हवी. पहिल्या महिन्यात ती दिवसातून तीन-चारदा तरी होते. सहा आठवड्यांनंतर काही बाळे तीन-चार दिवसांतून एकदाच करतात. ती मऊ असेल आणि बाळ मजेत असेल, तर एरंडेल देण्याची घाई करू नये.

वजन आधी घटते आणि मग वाढते. २.८ किलोचे बाळ चौथ्या दिवशी २.६ किलो भरले, तर त्यात नवल नाही. दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा २.८ वर यायला हवे आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम चढायला हवे. म्हणजे तिसऱ्या आठवड्याअखेर तीन किलोच्या आसपास. त्या संध्याकाळी डबा आणण्याआधी कुणी एवढा आकडा पाहिला असता, तर दुकानाची फेरी बहुधा वाचली असती.

लंगोट पुरेसे ओले, वजन ठीक, तरीही बाळ अंगावर असताना चिडचिड करते, तर आधी ते धरते कसे हे पाहावे. घाईत फक्त बोंडशी तोंडात दिली जाते. बाळ ती चावल्यासारखी ओढते, आईला चिरा पडतात आणि दूध नीट निघत नाही. बाळाचे अंग आईच्या अंगाकडे पूर्ण वळलेले हवे, मान मुरडलेली नको. बाळाने मोठा आ केला की त्याला स्तनाकडे आणावे. आईने वाकून स्तन त्याच्याकडे नेऊ नये. त्यात पाठही दुखते. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडशीभोवतालचा काळा भाग खालच्या बाजूने बराचसा तोंडात, अशी पकड बसली की गिळण्याचा आवाज येऊ लागतो. पहिल्या काही क्षणांनंतर दुखत राहिले, तर कडेने करंगळी घालून सोडवावे आणि पुन्हा धरावे. दहा वेळा सोडवावे लागले तरी सोडवावे. सिझेरियन झालेल्या आईला बाळ मांडीवर घेणे जड जाते. तिने कुशीवर झोपून पाजावे किंवा बाळाला बगलेखालून घ्यावे, टाक्यांवर भार येत नाही.

बाळ हमसून रडत असताना तोंडात दूध कोंबण्यात अर्थ नाही. भुकेची पहिली खूण म्हणजे तोंड इकडेतिकडे फिरवणे आणि मुठी चोखणे. रडणे ही शेवटची. आधी त्याला उभे धरून, थोडे फिरवून, उघड्या छातीशी घेऊन शांत करावे. एक बाजू मऊ होईपर्यंत पाजावी, मग दुसरी द्यावी. कधी कधी दूध फार जोरात येत असल्यामुळेही बाळ ठसकते आणि सोडते. तेव्हा आईने थोडे मागे रेलून पाजावे.

अळीव, शतावरी आणि पाणी

अळिवाची खीर, मेथीचे लाडू, डिंक, खारीक, बाळंतशेपा. बाळंतिणीच्या खाण्याची आपली परंपरा मोठी आणि चवदार आहे. शतावरीमुळे किंवा मेथीमुळे दूध वाढते याचे पुरावे अजून तोकडे आहेत. पण अळिवात लोह असते, लाडवात पोटभर उष्मांक असतो, आणि कुणीतरी आपल्यासाठी खीर करून आणली याचेही बाळंतिणीला मोल असतेच. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे सहाशे उष्मांक जास्त लागतात. नेहमीच्या जेवणात एक भाकरी, वाटीभर उसळ, एक लाडू आणि पेलाभर दूध वाढवले की साधारण भागते. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. बळेबळे तांब्याच्या तांब्या रिचवून दूध वाढत नाही. वरण, भात, कोबी, लिंबू बाधते म्हणून तिला नुसत्या तूप-भाकरीवर ठेवणे मात्र अन्यायाचे आहे. दूध वाढवण्याच्या गोळ्या बाजारात मिळतात, पण त्या डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नयेत.

बाळाला मात्र सहा महिने पाण्याचा थेंबही नको, नागपूरच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. पाण्याने पोट भरते आणि तेवढे दूध कमी जाते. गुटी उगाळतानाही तोच प्रश्न येतो, शिवाय सहाण किती स्वच्छ आहे हा वेगळा.

खरोखरच कमी पडते तेव्हा

काही थोड्या जणींना दूध खरेच कमी येते. त्यांना "मनाचे खेळ आहेत" म्हणून परत पाठवणे हा दुसऱ्या टोकाचा अपराध. वारेचा एखादा तुकडा आत राहिलेला असतो, बाळंतपणात रक्त फार गेलेले असते, थायरॉइडचा विकार असतो, स्तनांवर शस्त्रक्रिया झालेली असते, किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लवकर सुरू केलेल्या असतात. कधी कारण बाळात असते. ते वेळेआधी जन्मलेले असते, जीभ खालून बांधल्यासारखी असते, टाळूला फट असते, किंवा काविळीमुळे ते इतके झोपाळू असते की मागतच नाही. न रडता सतत झोपणारे, पाजायलाही न उठणारे नवजात बाळ हे रडणाऱ्या बाळापेक्षा कितीतरी अधिक काळजीचे.

लंगोट सहापेक्षा कमी ओले होत असतील, चौथ्या दिवसानंतरही लघवीचा डाग विटकरी असेल, पाचव्या दिवशीही शी काळीच असेल, वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर आले नसेल, टाळू खोल गेलेली दिसत असेल, तळहात-तळपाय पिवळे झाले असतील, ताप असेल किंवा उलटी हिरवी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उद्यावर टाकू नये. आणि आईलाच दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत रडू येत असेल, बाळ झोपले तरी झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तिचीही तपासणी तितकीच निकडीची आहे.

अशा वेळी डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तर ते औषधासारखेच मापात द्यावे. उकळलेले पाणी फार निवू न देता त्यात पावडर मिसळावी, कारण पावडर निर्जंतुक नसते. तयार दूध कोमट झाल्यावर पाजावे आणि उरलेले टाकून द्यावे. डबा महाग म्हणून पावडरीचे चमचे कमी करण्याचा मोह अनेक घरांत होतो. बाळाचे वजन मग त्या दुधावरही वाढत नाही. पावसाळ्यात नीट न उकळलेली बाटली म्हणजे जुलाबांना आमंत्रणच. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले बरे, ते आतून-बाहेरून घासता येते.

डब्यावर गोंडस बाळाचे चित्र नसते, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. भारताच्या १९९२ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र चालत नाही. या दुधाची जाहिरात, आयांना फुकट नमुने देणे हेही गुन्हा आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे इतर आहारही त्यात आले. एवढे असूनही प्रसूतीनंतर घरी सोडताना कुणी कागदावर डब्याचे नाव लिहून दिले, तर "हे कशासाठी?" असे विचारण्याचा बाळाच्या वडिलांना पूर्ण हक्क आहे.

डबा आधीच सुरू झाला असेल, तर परतीची वाट बंद झालेली नसते. पण तो एकदम बंद करू नये. आधी अंगावर पाजावे, दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीही. मग गरजेपुरते वरचे. बाळाचे लंगोट आणि वजन ठीक राहत असेल, तर दर दोन-चार दिवसांनी वरच्या दुधातले थोडे थोडे कमी करावे. याला सहसा दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्तही. या काळात वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर, अंगावर कपडे न ठेवता करावे. पहिल्या सहा आठवड्यांत आशा कार्यकर्ती घरी येते, तिच्याकडे काटा असतो. संध्याकाळची पाळी घरच्या पुरुषांनी घ्यावी. साडेसहा ते नऊ बाळाला खांद्यावर टाकून गच्चीवर फिरवायला दूध लागत नाही. सासूबाईंनी तेवढा वेळ सुनेला आडवे होऊ द्यावे आणि काकूंना चहा देऊन पुढच्या खोलीत बसवावे.

उघडलेला डबा साधारण महिन्याभरात संपवायचा असतो. अशा घरात तो अर्धामुर्धा उरतो. उरलेली पावडर फेकून द्यावी लागते. आजी डबा धुते, उन्हात वाळवते आणि त्यात अळीव भरून फडताळात ठेवते.